परतीच्या प्रणयकथेचा अपेक्षाभंग : 'गो सेट अ वॉचमन' आणि अमेरिकी दक्षिणेचा वाङ्मयेतिहास

१

एखादी कादंबरी निराशाजनक आहे, हे विधान समीक्षेत बहुधा निर्णय म्हणून केले जाते आणि ते केल्यावर चर्चा संपते. वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने मात्र निराशा हा निर्णय नसून पुरावा असतो. कोणत्या वाचकवर्गाची, कोणत्या काळी आणि कोणत्या अपेक्षेच्या संदर्भात निराशा झाली, हे विचारल्याशिवाय त्या पुराव्याचे मोल ठरत नाही. हान्स रॉबर्ट याउस यांची 'अपेक्षांचे क्षितिज' ही संकल्पना मराठी समीक्षेला अपरिचित नाही. वाचकाच्या रूढ अपेक्षांपासून कृती जितकी दूर जाते तितकी तिची कलात्मकता वाढते, असा या संकल्पनेचा एक ठळक निष्कर्ष आहे. परंतु एखादी कृती वाचकाचे क्षितिज मोडते आणि तरीही स्वतः त्याहून जुन्या अशा दुसऱ्या क्षितिजात अडकून राहते, तेव्हा काय म्हणावयाचे? हार्पर ली यांची 'गो सेट अ वॉचमन' ही कादंबरी हा प्रश्न उभा करते.

१४ जुलै २०१५ रोजी ही कादंबरी प्रसिद्ध झाली. लेखिकेचे त्यापूर्वीचे एकमेव पुस्तक, 'टु किल अ मॉकिंगबर्ड', १९६० साली आले होते. मधली पंचावन्न वर्षे त्यांची दुसरी कादंबरी आली नव्हती. पहिली आवृत्ती वीस लाख प्रतींची होती आणि अमेरिका व कॅनडा मिळून पहिल्या आठवड्यातच अकरा लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. त्याच वेगाने निराशाही पसरली. मिशिगनमधील एका ग्रंथविक्रेत्याने तर ग्राहकांना पैसे परत देऊ केले. हे पुस्तक उन्हाळ्याच्या सुटीत वाचावयाची नवी कादंबरी म्हणून विकले जाणे योग्य नव्हते, त्याकडे अभ्यासाची सामग्री म्हणून पाहावयास हवे, अशी त्याची भूमिका होती. पुस्तकविक्रीच्या व्यवहारातील हा प्रसंग साहित्यप्रकाराच्या दृष्टीने बोलका आहे. ग्राहकाने विकत घेतलेले वचन त्याला मिळाले नाही, असे विक्रेता मान्य करीत होता. मग ते वचन नेमके काय होते?

प्रचलित उत्तर असे, की वाचकांना त्यांचा अ‍ॅटिकस फिंच परत हवा होता आणि त्याऐवजी वर्णाधारित पृथक्करणाचा पाठीराखा असलेला एक वृद्ध वकील मिळाला. हे उत्तर खरे आहे, पण पुरेसे नाही. 'वॉचमन' ही मुळात अ‍ॅटिकसची कादंबरी नाही. न्यूयॉर्कमध्ये राहणारी एक तरुणी अलाबामातील आपल्या लहान गावी परतते, तिथे बालपणापासून ओळखीचा एक तरुण तिच्याशी विवाह करण्यास उत्सुक आहे, आणि ती त्याला व त्याच्याबरोबर गावाला होकार देणार की नाही, हा तिचा कथाप्रश्न आहे. म्हणजेच तिचा रूपबंध परतीच्या प्रणयकादंबरीचा आहे. या रूपबंधाला अमेरिकी दक्षिणेत सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि 'वॉचमन'च्या अपेक्षाभंगाचा अन्वयार्थ त्या इतिहासातच शोधावा लागतो.

२

यादवी युद्ध १८६५ साली संपले. त्यानंतरची बारा वर्षे अमेरिकेच्या इतिहासात 'पुनर्रचनेचा कालखंड' म्हणून ओळखली जातात. दास्यातून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना नागरिकत्व आणि मताधिकार देण्याचा प्रयत्न या काळात झाला. याच काळात, १८७३ साली, पुण्यात महात्मा फुले यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. त्या अर्पणपत्रिकेमागे एका अपूर्व घटनेवरचा विश्वास होता. परंतु अवघ्या चार वर्षांनी, १८७७ साली, दक्षिणेतील गोऱ्या सत्ताधाऱ्यांना पाठबळाविना रोखून धरणे अशक्य असताना केंद्राच्या फौजा तेथून काढून घेण्यात आल्या आणि मुक्तीचा तो प्रयोग सोडून देण्यात आला. उत्तर आणि दक्षिण यांचा समेट झाला. त्याची किंमत कृष्णवर्णीयांनी चुकविली.

या समेटाला भावनिक अधिष्ठान देण्याचे काम ज्या वाङ्मयाने केले, त्यात प्रणयकथेचा वाटा मोठा आहे. इतिहासकार नीना सिल्बर यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या 'द रोमान्स ऑफ रीयुनियन' या ग्रंथात याची सविस्तर मांडणी आहे. लॅटिन अमेरिकेतील राष्ट्रीय कादंबऱ्यांचा अभ्यास करताना डोरिस सॉमर यांनीही १९९१ साली असेच दाखविले होते, की प्रेमिकांच्या मीलनातील अडथळे आणि राष्ट्राच्या एकीकरणातील अडथळे कथेत एकमेकांची जागा घेतात. जॉन विल्यम डी फॉरेस्ट यांच्या १८६७ च्या कादंबरीत न्यू ऑर्लिन्सची मिस रॅव्हेनेल फुटीर दक्षिणेची बाजू सोडून राष्ट्रनिष्ठेकडे वळते आणि अखेरीस उत्तरेकडील नायकाची पत्नी होते. येथे विवाह म्हणजे मतपरिवर्तन आहे. हा तोल पुढे बदलला. व्हर्जिनियाचे टॉमस नेल्सन पेज यांच्या १८८७ च्या 'इन ओल व्हर्जिनिया' या संग्रहातील कथांत मतपरिवर्तनाची गरज उरत नाही. दक्षिणेची कन्या आहे तशीच राहते आणि उत्तरेचा अधिकारीच तिच्या उद्ध्वस्त वाड्यापुढे नतमस्तक होतो.

पेज यांच्या 'मेह लेडी' या कथेतील एक तपशील पुढील विवेचनासाठी महत्त्वाचा आहे. कथा सांगणारा बिली हा त्या घरचा पूर्वीचा गुलाम आहे. मुक्ती मिळूनही तो घर सोडीत नाही. विवाहविधीत वधूला वराच्या हाती सोपविण्याचा क्षण येतो, तेव्हा हा वृद्ध सेवकच पुढे होतो. याचा वाङ्मयीन अर्थ स्पष्ट आहे. गोऱ्या समाजाच्या समेटाला आशीर्वाद देणारा आवाज कृष्णवर्णीयाचा असावा लागतो. त्याच्यावर झालेल्या अन्यायाची फिर्याद तो करीत नाही, हीच त्या समेटाची नैतिक हमी ठरते. मीलनाचा साक्षीदार तो आहे. मीलनाचा लाभार्थी नाही. टॉमस डिक्सन यांच्या १९०५ च्या 'द क्लॅन्समन'मध्ये हा मुखवटाही गळून पडतो. तिथे उत्तर आणि दक्षिण यांच्या दुहेरी प्रणयाला कू क्लक्स क्लॅनचे संरक्षण लाभते. या कादंबरीवरून १९१५ साली निघालेल्या 'द बर्थ ऑफ अ नेशन' या चित्रपटाने तो आशय कादंबरीच्या वाचकवर्गापलीकडे नेला.

प्रणयकादंबरीच्या रचनेचा अभ्यास करताना पामेला रेजिस यांनी २००३ साली तिचे आठ घटक सांगितले. त्यांतील पहिला घटक नायक-नायिकेची भेट हा नसून ज्या समाजात ते भेटणार त्या समाजाची रूपरेषा हा आहे. शेवटचा घटक वाङ्निश्चय. प्रणयकादंबरी आरंभी एक सदोष समाज दाखविते आणि अखेरीस एका जोडप्याच्या निमित्ताने तो स्वीकारार्ह करून देते. परतीच्या कथेत हे कार्य अधिकच स्पष्ट होते, कारण तिथे गाव ही केवळ पार्श्वभूमी राहत नाही. गाव हाच जणू वर असतो. नायिका प्रियकराला होकार देते तेव्हा ती गल्ल्यांना, चर्चला, न्यायालयाच्या चौकाला आणि तिथल्या सत्ताव्यवस्थेलाही होकार देत असते. हा साचा अजून जिवंत आहे. २००२ सालच्या 'स्वीट होम अलाबामा' या चित्रपटाची नायिका घटस्फोटाच्या कागदांवर सही घेण्यासाठी न्यूयॉर्कहून अलाबामात येते आणि अखेरीस आपल्या पहिल्याच नवऱ्याकडे राहते. तिच्या परतीत गावाच्या इतिहासाविषयी एकही अडचणीचा प्रश्न उरत नाही.

३

या साच्याला छेद देणारी परतीची कथा अमेरिकी दक्षिणेत लिहिली गेलीच नाही, असे नाही. 'वॉचमन'पूर्वीच्या दोन कादंबऱ्यांचा येथे निर्देश करावयास हवा, कारण दोहोंच्या वाट्याला वेगवेगळ्या प्रकारे निराशाच आली.

टॉमस वुल्फ यांच्या 'लुक होमवर्ड, एंजल' या १९२९ च्या कादंबरीने त्यांचे अ‍ॅशव्हिल हे गाव इतके दुखावले, की ते स्वतः १९३७ पर्यंत तिकडे फिरकले नाहीत. १९३८ साली त्यांचे निधन झाले. मागे राहिलेल्या प्रचंड हस्तलिखितातून संपादक एडवर्ड अ‍ॅस्वेल यांनी सिद्ध केलेली 'यू कान्ट गो होम अगेन' ही कादंबरी १९४० साली निघाली. तिचा नायक मावशीच्या अंत्यविधीसाठी गावी येतो आणि जमिनीच्या सट्ट्याने वेडावलेले गाव पाहतो. परतणे अशक्य आहे, हा तिचा निष्कर्ष शीर्षकातच आला आहे. मात्र गावाने बदलून आपल्याला फसविले, हे तिचे दुःख आहे. गाव पूर्वीपासूनच तसे होते आणि आपल्याला ते दिसत नव्हते, ही जाणीव तिथे मध्यवर्ती नाही.

झोरा नील हर्स्टन यांची 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड' ही १९३७ ची कादंबरी परतीनेच सुरू होते. जेनी ही कृष्णवर्णीय स्त्री फ्लॉरिडातील इटनव्हिल या गावी एकटीच परत येते. हे गाव काल्पनिक नाही. १८८७ साली कृष्णवर्णीयांनी स्वतंत्र नगर म्हणून त्याची रीतसर स्थापना केली आणि हर्स्टन यांचे बालपण तिथेच गेले. जेनीचा प्रियकर मरण पावला आहे. ती विवाहासाठी येत नाही, गावाची क्षमाही मागत नाही. ओसरीवर बसून मैत्रिणीला आपली कथा सांगते आणि गावगप्पांना आपल्या कथनाने उत्तर देते. प्रणय संपल्यानंतरची ही परत आहे, म्हणून समेटाचा साचा तिला लागू होत नाही. तरीही रिचर्ड राइट यांनी त्याच वर्षी लिहिलेल्या परीक्षणात या कादंबरीत काही आशय, काही संदेश, काही विचार नाही, अशी तीव्र नापसंती व्यक्त केली. पुढे ती दीर्घकाळ बाजारात मिळेनाशी झाली. १९७५ साली अ‍ॅलिस वॉकर यांनी हर्स्टन यांच्यावर लिहिलेल्या लेखानंतर आणि १९७८ च्या पुनर्मुद्रणानंतर तिची प्रतिष्ठा पूर्णपणे पालटली. राइट यांची निराशा खोटी नव्हती. निषेधाच्या वाङ्मयाकडून असलेल्या एका विशिष्ट अपेक्षेचा तो पुरावा होता. कृतीविषयी ती कमी सांगत होती, काळाविषयी अधिक.

४

हार्पर ली यांचा जन्म १९२६ साली अलाबामातील मनरोव्हिल या गावी झाला. वडील वकील होते, राज्याच्या विधिमंडळाचे सदस्य होते आणि स्थानिक वृत्तपत्राचे मालक-संपादकही होते. १९४९ साली ली न्यूयॉर्कला गेल्या. १९५६ च्या नाताळात एका स्नेही दांपत्याने त्यांना वर्षभर निश्चिंतपणे लिहिता येईल इतकी रक्कम भेट दिली, आणि १९५७ च्या आरंभी 'गो सेट अ वॉचमन'चे हस्तलिखित त्यांच्या वाङ्मयीन प्रतिनिधीकडे पोहोचले. शीर्षक बायबलमधील यशयाच्या ग्रंथावरून घेतले आहे. पाहरेकरी नेम आणि तो जे पाहील ते त्याने सांगावे, अशा आशयाच्या आज्ञेचा त्यामागे संदर्भ आहे.

लेखनाचा हा काळ ध्यानात घेतल्याखेरीज संहिता उलगडत नाही. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील पृथक्करण घटनाबाह्य ठरविले. त्यानंतर दोनच महिन्यांनी मिसिसिपीतील इंडियनोला येथे पहिली 'सिटिझन्स कौन्सिल' म्हणजे नागरिक परिषद स्थापन झाली. क्लॅनप्रमाणे तोंड झाकणारे लोक या परिषदांत नव्हते. वकील, पेढीवाले, दुकानदार, डॉक्टर अशी गावातील प्रतिष्ठित मंडळी त्यांत होती, आणि कृष्णवर्णीयांची नोकरी, कर्ज, उधारी तोडणे ही त्यांची शस्त्रे होती. डिसेंबर १९५५ ते डिसेंबर १९५६ या काळात अलाबामाच्या राजधानीत, माँटगमरीत, बसगाड्यांवरील बहिष्कार चालला. फेब्रुवारी १९५६ मध्ये ऑथरिन ल्यूसी या विद्यार्थिनीला जमावाच्या हिंसेनंतर राज्याच्या विद्यापीठातून दूर करण्यात आले. त्याच वर्षी जूनमध्ये न्यायालयाच्या मनाई हुकुमाने 'नॅशनल असोसिएशन फॉर द अ‍ॅडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल' या संघटनेचे अलाबामातील कार्य बंद पाडण्यात आले. म्हणजे 'वॉचमन' ही स्मरणरंजनाची कादंबरी नव्हती. ती लिहिली जात असताना तिचा विषय वृत्तपत्रांत रोज छापून येत होता.

कादंबरीचा आरंभ मात्र परतीच्या प्रणयकथेच्या सर्व संकेतांनी होतो. सव्वीस वर्षांची जीन लुईस फिंच आगगाडीने मेकोम्बला येते. वडिलांना संधिवाताने ग्रासले असल्याने तिला घ्यायला हेन्री क्लिंटन येतो. हा तिचा बालमित्र वडिलांच्याच कार्यालयात वकिली करतो आणि तिच्याशी लग्न करू इच्छितो. बाह्यतः सर्व काही जुळलेले आहे. पण जुने घर आता उरलेले नाही. त्या जागी आइस्क्रीमचे दुकान उभे आहे. नदीकाठी दोघे कपड्यांनिशी पोहतात आणि सकाळपर्यंत गावात ती नग्न पोहल्याची वार्ता पसरते. येथवर कादंबरी प्रसन्न, नर्मविनोदी आणि सफाईदार आहे. साच्यातून पुढे काय निष्पन्न होणार, याचा अंदाज वाचक सहज बांधू शकतो.

साचा मोडतो तो न्यायालयाच्या इमारतीत. वडिलांच्या कागदांत सापडलेले एक वंशद्वेषी पत्रक हाती घेऊन जीन लुईस तिथे जाते आणि नागरिक परिषदेची सभा पाहते. लहानपणी ज्या सज्जात, कृष्णवर्णीयांसाठी राखलेल्या जागी, बसून तिने वडिलांना वकिली करताना पाहिले होते, त्याच सज्जातून ती खाली पाहते. व्यासपीठाजवळच्या मेजाशी वडील बसले आहेत आणि हेन्रीही. या प्रसंगाचे रचनासामर्थ्य असे, की जागा तीच, पाहणारी तीच, आणि पाहिलेली माणसेही तीच आहेत. वुल्फ यांच्या नायकासारखे गाव बदललेले नाही. केवळ सज्जाने एकदा लपविलेले या खेपेस दाखविले. पेज यांच्यापासून चालत आलेल्या रूपबंधात जो समाज विवाहाने स्वीकारार्ह व्हावयाचा, तोच समाज येथे सभेच्या रूपाने समोर बसला आहे, आणि वर त्याचा सभासद आहे.

हेन्रीचे समर्थन हा या कादंबरीतील सर्वांत सूक्ष्म भाग होय आणि २०१५ च्या परीक्षणांत अ‍ॅटिकसच्या तुलनेत त्याकडे फारच कमी लक्ष गेले. हेन्री गरीब, प्रतिष्ठा नसलेल्या घरातून वर आलेला आहे. आत्या अलेक्झांड्राच्या मते त्याच्या कुळाचा डाग कधीही धुतला जाणार नाही. तो जीन लुईसला सांगतो, की फिंच घराण्यातील मुलीला गावाविरुद्ध वागण्याची चैन परवडते. त्याला परवडत नाही. त्याला याच गावात राहून पोट भरावयाचे आहे. तिचा नैतिक संताप आणि त्याची भ्याड तडजोड या दोहोंना वर्गाचे परिमाण आहे, हे लेखिका जाणते. प्रणयकथेत प्रियकराच्या दारिद्र्याचा अडथळा प्रेमाने दूर होतो. येथे गरीब प्रियकराला प्रतिष्ठा मिळवून देणारी संस्था नागरिक परिषदच असल्याने तो अडथळा दूर होणे हाच अपराध ठरतो. जीन लुईस त्याला नकार देते. वाङ्निश्चय होत नाही. परतीच्या प्रणयकथेला इतक्या तर्कशुद्ध रीतीने नाकारणारी कादंबरी १९५७ साली एका गोऱ्या दाक्षिणात्य लेखिकेने लिहावी, ही सामान्य गोष्ट नव्हे.

५

तथापि कादंबरी येथे संपत नाही, आणि तिचा खरा पराभव यानंतर सुरू होतो. विवाह मोडल्यावरही समेटाची गरज संपत नाही. ती प्रियकराकडून पित्याकडे सरकते.

शेवटच्या भागात कथन थांबते आणि वादविवाद सुरू होतो. काका डॉक्टर जॅक फिंच दक्षिणेच्या इतिहासावर लांबलचक, वाकडी वळणे घेणारी व्याख्याने देतात. पिता-पुत्री घटनात्मक तरतुदींवर वाद घालतात. या वादात जीन लुईसचीही सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाविषयी तक्रार आहे, असे दिसते; तिचा आक्षेप पित्याच्या राजकारणापेक्षा त्याच्या दांभिकतेवर अधिक आहे. ती गाव सोडून निघते तेव्हा काका तिला तोंडात मारून थांबवितो आणि तिच्या संतापाचे निदान सांगतो: तिने पित्याला देवाच्या जागी बसविले होते, स्वतःची विवेकबुद्धी त्याच्या विवेकबुद्धीला चिकटवून ठेवली होती, आज ती सुटली. हे निदान मानसशास्त्रीयदृष्ट्या मार्मिक आहे, परंतु त्याची वाङ्मयीन कामगिरी वेगळीच आहे. शेकडो कृष्णवर्णीय कुटुंबांच्या भाकरीशी आणि मताधिकाराशी निगडित असलेला प्रश्न त्यामुळे एका मुलीच्या वयात येण्याचा प्रश्न बनतो. मुलगी पित्याला माणूस म्हणून स्वीकारते, पिता तिच्या विरोधाचा अभिमान बाळगतो, ती त्याला गाडीतून घरी नेते. आरंभी गाडीत बसताना डोके आपटून घेणारी जीन लुईस शेवटी ते सांभाळून आत बसते. एवढ्या लहानशा देहबोलीत समेट पूर्ण होतो. सफाई आहे; पण ती पेज यांच्या कथेच्या शेवटाइतकीच संशयास्पद आहे.

संशयास्पद का, हे कादंबरीनेच दाखवून ठेवले आहे. फिंच कुटुंबाला वाढविणाऱ्या कॅल्पर्नियाचा नातू फ्रँक याच्या गाडीखाली एक मद्यधुंद गोरा म्हातारा सापडून मरतो. अ‍ॅटिकस हा खटला स्वीकारतो, पण न्यायबुद्धीने नव्हे. कृष्णवर्णीयांच्या संघटनेचे वकील खटल्यात उतरले तर ते कृष्णवर्णीय ज्यूरींची मागणी करतील, ते टळावे म्हणून. जीन लुईस कॅल्पर्नियाच्या घरी जाते. कॅल्पर्निया तिच्याशी परक्या पाहुण्याशी बोलावे तसे अदबीने, तोलून-मापून बोलते. आपली भाषा तिने मागे घेतली आहे. आपण सर्व वाढत असताना तू आमचा द्वेष करीत होतीस का, असे जीन लुईस विचारते. दीर्घ शांततेनंतर वृद्धा नकारार्थी मान हलविते.

'मेह लेडी'तील बिली विवाहाला आशीर्वाद देतो. कॅल्पर्निया देत नाही. तिचे मौन हे परतीच्या रूपबंधातील सर्वांत मोठे विघ्न आहे. ज्या साक्षीदाराच्या संमतीवर समेट उभा राहावयाचा, त्याने साक्ष नाकारली. तिने मान हलवून दिलेला नकारही उपकार म्हणून दिलेला आहे, की खरा आहे, हे संहिता ठरवू देत नाही. मात्र यानंतर कादंबरी कॅल्पर्नियाकडे परत जात नाही. फ्रँकच्या खटल्याचे काय झाले, हे वाचकाला कळत नाही. समेट होतो तेव्हा ती त्या खोलीत नसते आणि तिची अनुपस्थिती कोणाला जाणवतही नाही. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीयांनी दक्षिण सोडली. आगगाडीने गावी परतणाऱ्या नायिकेच्या डब्याशेजारून उलट दिशेने जाणारा हा जथा परतीच्या प्रणयकथेने कधीच पाहिला नाही. 'वॉचमन'ने तो क्षणभर दारातून पाहिला आणि दार लावून घेतले.

६

लिपिंकट या प्रकाशनसंस्थेच्या संपादिका टे होहॉफ यांना हे हस्तलिखित सलग कादंबरीपेक्षा प्रसंगांची माळ वाटले. त्यांचे मत निराधार नव्हते. आत्याने दिलेल्या कॉफीपानाच्या प्रकरणात स्त्रियांच्या संवादांचे तुटक तुकडे लेखिकेने धीटपणे वापरले आहेत, पण अन्यत्र कथन, आत्मगत आणि व्याख्यान यांचे सांधे उघडे पडतात. संपादिकेच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या पुनर्लेखनाला सुमारे दोन वर्षे लागली. त्यातून कथाकाल सुमारे वीस वर्षे मागे, १९३० च्या दशकात गेला. प्रौढ जीन लुईसची जागा बालिका स्काउटने घेतली. हेन्री नाहीसा झाला. मेकोम्बच्या स्थापनेची आणि आत्याची काही वर्णने दोन्ही पुस्तकांत जवळजवळ जशीच्या तशी आढळतात, यावरून एका संहितेतून दुसरी कशी निघाली ते कळते. हस्तलिखितात ओझरता उल्लेख असलेल्या एका जुन्या खटल्यात अ‍ॅटिकसने कृष्णवर्णीय आरोपीला निर्दोष सोडविले होते. 'मॉकिंगबर्ड'मध्ये तो खटला केंद्रस्थानी आला आणि आरोपीला दोषी ठरविण्यात आले. अ‍ॅटिकसच्या पराभवातूनच त्याचे नैतिक मोठेपण सिद्ध झाले.

या रूपांतराचा वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने अर्थ असा, की परतीची कथा स्मरणाची कथा झाली. 'मॉकिंगबर्ड'ची निवेदिकाही प्रौढ आहे आणि तीही मनाने गावी परतते. परंतु ती अशा काळात परतते जिथे तिला काहीही ठरवावयाचे नाही. विवाहाचा प्रश्न नाही, न्यायालयाचा निर्णय नाही, नागरिक परिषद नाही. सज्जा आहे, पण त्यातून खाली पाहणारी दृष्टी मुलीची आहे. १९६१ साली या कादंबरीला पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि १९६२ साली ग्रेगरी पेक यांच्या चित्रपटाने अ‍ॅटिकसला एक चेहरा मिळवून दिला. पुढील अर्धशतकात ती शाळाशाळांतून वाचली गेली. अनेक जण तिच्यामुळे वकिलीकडे वळल्याचे सांगत आले. आईबाप मुलांची नावे अ‍ॅटिकस ठेवीत गेले. नागरी हक्कांच्या संघर्षाच्या ऐन काळात गोऱ्या वाचकाला आपल्या परंपरेतूनच एक निर्दोष पूर्वज सापडला. समेटाच्या प्रणयकथेने जे एकेकाळी विवाहाच्या द्वारा साधले, ते 'मॉकिंगबर्ड'ने पितृत्वाच्या द्वारा साधले, आणि अधिक सुंदर रीतीने साधले.

म्हणून २०१५ च्या वाचकाचे क्षितिज 'वॉचमन'च्या जन्मकाळापेक्षा पुढचे नव्हते. ते तिच्याच पुनर्लेखनातून घडलेले क्षितिज होते. आधी लिहिलेले पुस्तक नंतर छापले गेल्याने त्याचा मसुदेपणा झाकला गेला आणि पूर्वीच्या कथेचा पुढचा भाग म्हणून ते वाचले गेले. अ‍ॅटिकस बिघडला, अशी तक्रार झाली. संहितेच्या कालक्रमाने पाहता अ‍ॅटिकस बिघडलेला नाही. १९५७ नंतर तो सुधारून घेतला गेला. १९ फेब्रुवारी २०१६ रोजी ली यांचे निधन झाले. हस्तलिखिताच्या प्रकाशनास त्यांची संमती कितपत जाणती होती, यावर झालेली चर्चा महत्त्वाची आहे. परंतु तिच्या आधारे संहितेचे वाचन टाळता येत नाही.

७

निराशा हा पुरावा मानला तर येथे दोन निराशा वेगळ्या कराव्या लागतात. पहिली वाचकाची. ती खरी असली तरी चुकीच्या जागी रोखलेली आहे. पूज्य पित्याच्या जागी त्या काळाचा एक सुविद्य, सौजन्यशील, पृथक्करणवादी वकील भेटला, ही कादंबरीची फसगत नसून तिचा प्रामाणिकपणा होय. नागरिक परिषदा अशाच माणसांनी चालविल्या. दुसरी निराशा समीक्षेने व्यक्त करावयास हवी होती, आणि ती शेवटाविषयीची आहे. प्रियकराला नाकारून जिने परतीच्या साच्याचा पाया हादरविला, तीच कादंबरी पित्याशी समेट करून तो साचा पुन्हा उभा करते. आणि हे करता यावे म्हणून कॅल्पर्नियाच्या मौनाकडे पाठ फिरविते. पाहरेकऱ्याने पाहिले, पण पाहिलेले सारे सांगितले नाही.

साहित्यप्रकाराचे वचन मोडणे आणि त्या प्रकारामागील मूल्यव्यवस्था मोडणे या दोन भिन्न क्रिया आहेत, हे यावरून दिसून येते. पहिली घडली म्हणजे दुसरी घडलीच, असे मानण्याची चूक पुरोगामी समीक्षाही पुष्कळदा करते. विवाहाने न संपणारी प्रणयकथा तिला आपोआप बंडखोर वाटते. 'वॉचमन'चे वाङ्मयेतिहासातील स्थान या चुकीचा विरोधी दाखला म्हणून राहील. पैसे परत मागणाऱ्या वाचकाला आपला अ‍ॅटिकस हवा होता. ते पैसे परत देता आले. कॅल्पर्नियाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मात्र तिने एकदा मान हलविल्यानंतर कोणी पुन्हा मागितले नाही, आणि फ्रँकचा खटला अद्याप उभाच आहे.